मंगळाची नाडी आणि आपला अंगठा



हे व्याख्यान म्हणजे एका जुन्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. २०१४ च्या दसऱ्यानंतर आपल्या मंडळाने गोडादऱ्यातल्या मुलांसमोर मला 'मंगळयान' या विषयावर बोलायला सांगितले होते. मी होमिओपॅथीचा डॉक्टर, खगोलशास्त्र ही माझी हौस. यान मंगळाभोवती फिरू लागून जेमतेम काही दिवस झाले होते. हॉल भरून मुले दारापर्यंत उभी होती. त्या भरात मी सांगून टाकले की आपल्या यानावर अहमदाबादेत घडवलेले मिथेन मोजणारे उपकरण आहे. मंगळावर मिथेन आहे की नाही, असल्यास कोणत्या ऋतूत वाढतो आणि कोणत्या ऋतूत घटतो, याचा निकाल आता आपलेच यान लावील. आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. "काका, निकाल लागला की आम्हाला सांगाल ना?" मी म्हणालो, "नक्की सांगेन."

मी सांगितले नाही. २०१६ च्या अखेरीस त्या उपकरणाबद्दलची बातमी वाचली, कात्रण काढून फाइलमध्ये ठेवले आणि गप्प बसलो. त्यानंतर दोनदा मंगळयानावर बोललो. कमी खर्च, पहिल्याच प्रयत्नात यश, एवढे सांगितले. मिथेनचा शब्द काढला नाही. गेल्या पावसाळ्यात ती मुलगी तापाने फणफणलेल्या आईला घेऊन दवाखान्यात आली. आता ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. निघताना तिने सहज विचारले, "डॉक्टरकाका, त्या मिथेनचं पुढे काय झालं?" बाहेर पेशंट बसले आहेत असे म्हणून मी वेळ मारून नेली. तेव्हापासून ही गोष्ट मनाला टोचते आहे.

मिथेनच्या गोष्टीआधी माझी एक चूक सांगतो, कारण त्या चुकीशिवाय मला हा इतिहास समजला नसता.

मी दवाखाना काढला त्याला दीड-दोन वर्षे झाली होती. पर्वत पाटियाच्या पुढे तेव्हा बरीच शेते होती. एका रात्री नंदुरबारकडच्या, लूमवर काम करणाऱ्या एका घरातून बोलावणे आले. म्हातारे वडील निपचित पडले होते. घरची सगळी माणसे माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी मनगट धरले, अंगठा दाबला आणि म्हणालो, "नाडी लागते आहे, लवकर हलवा." मुलाने रिक्षा आणली, दवाखाने पालथे घातले. तासाभराने कळले की म्हातारबाबा मी पोहोचण्याआधीच गेलेले होते. दुसऱ्या दिवशी भागातल्या एका बुजुर्ग डॉक्टरांनी मला जवळ बसवून एवढेच विचारले, "कोणत्या बोटानं नाडी पाहिलीस?" मी अंगठा दाखवला. ते काही बोलले नाहीत. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात: नाडी तीन बोटांनी पाहावी, अंगठ्याने पाहू नये, अंगठ्यात आपलीच धमनी उडत असते. घाबरलेल्या माणसाची तर जरा जोरातच उडते. मी त्या घराला माझी स्वतःची नाडी त्यांच्या वडिलांची म्हणून सांगितली होती.

मंगळाच्या हवेचा इतिहास वाचताना मला हा अंगठा जागोजागी दिसतो. तो इतिहास आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरलाही स्पर्शून गेला आहे.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले आणि त्याची छाया कोकणातून शिरून महाराष्ट्रावरून गेली. पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या जेऊरला त्यासाठी दोन तळ पडले होते. एक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा. त्यांच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेला भावनगरच्या महाराजांनी पैसा दिला होता. म्हणजे गुजरातच्या दानावर पुण्यात उभी राहिलेली ती वेधशाळा. तिथली वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. दुसरा तळ अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांचा. जेऊरच्या माळावर उतरलेल्या या गृहस्थांनी चारच वर्षांपूर्वी मंगळाच्या बाबतीत मोठी खळबळ उडवली होती.

ती समजण्यासाठी वायू दुरून कसा ओळखतात ते पाहू. प्रकाश लोलकातून गेला की त्याचा रंगीत पट्टा होतो, त्याला वर्णपट म्हणतात. वाटेत एखादा वायू असला तर तो ठरावीक ठिकाणचा प्रकाश शोषून घेतो आणि पट्ट्यात तिथे काळी रेघ उमटते. प्रत्येक वायूच्या रेघा वेगळ्या, जसे प्रत्येक माणसाचे बोटांचे ठसे वेगळे. मंगळाकडून येणारा प्रकाश मुळात सूर्याचा. तो मंगळाच्या हवेतून खाली जातो, जमिनीवर आपटून त्याच हवेतून वर येतो आणि शेवटी आपल्या हवेतून दुर्बिणीत शिरतो. म्हणजे त्यात मंगळाच्या हवेबरोबर आपल्या हवेचेही ठसे असतात. एकोणिसाव्या शतकात जूल्स जान्सेन, विल्यम हगिन्स यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी मंगळाच्या वर्णपटात पाण्याच्या वाफेच्या रेघा पाहिल्याचे सांगितले होते. वाफ म्हणजे पाणी, पाणी म्हणजे शेती, शेती म्हणजे माणसे, असा जगाचा विचार धावत सुटला होता.

कॅम्पबेल यांनी १८९४ मध्ये साधी युक्ती केली. मंगळ आणि चंद्र क्षितिजापासून सारख्याच उंचीवर असताना त्यांनी दोघांचे वर्णपट शेजारी शेजारी ठेवून पाहिले. चंद्राला हवा नाही. त्याच्या वर्णपटात वाफेच्या ज्या रेघा दिसतात त्या आपल्या हवेच्याच असणार. मंगळाच्या रेघा त्याहून गडद दिसल्या तरच मंगळावर वाफ आहे असे म्हणता येईल. त्या गडद दिसल्या नाहीत. मंगळावर वाफ मुळीच नाही असे त्यांनी म्हटले नाही. आपल्या उपकरणाला दिसेल इतकी ती नाही, एवढेच म्हटले. मंगळावरच्या अत्यल्प वाफेचा खात्रीचा पुरावा मिळायला पुढे १९६३ साल उजाडावे लागले. चंद्राकडे पाहणे म्हणजे अंगठा काढून तीन बोटे ठेवणे होते.

त्याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर आले होते आणि त्यांच्या आठवणीचे चौथरे अजून किल्ल्यावर दाखवतात. हेलियमचा शोध १८६८ मध्ये विजयदुर्गावर लागला असे आपण अभिमानाने सांगतो, मीही सांगत असे. पण १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होते. सूर्याच्या वर्णपटातल्या त्या पिवळ्या रेघेवर त्यांनी तिथूनच काम केले. विजयदुर्गाला ते तीस वर्षांनी आले. किल्ल्याचे मोल त्याने कमी होत नाही, पण खरे ते खरे.

आता ऋतूंकडे येऊ. आपल्याकडे मंगळ प्रथम भेटतो तो पत्रिकेत, आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी घरच्यांची झोप उडवतो. आकाशातला मंगळ मात्र आपल्याशी पुष्कळ मिळताजुळता आहे. त्याचा दिवस चोवीस तास चाळीस मिनिटांचा. त्याचा आस पंचवीस अंशांहून थोडा जास्त कललेला, आपला साडेतेवीस. त्यामुळे त्यालाही उन्हाळा-हिवाळा आहे. फक्त वर्ष ६८७ दिवसांचे असल्याने ऋतू लांबलचक. विल्यम हर्शेल यांनी १७८४ मध्येच त्याचे ध्रुवांवरचे पांढरे डाग ऋतूप्रमाणे लहानमोठे होतात हे नोंदवले होते. पुढच्या काळात दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना वसंतात ग्रहाचे काही पट्टे गडद होताना दिसू लागले आणि ती हिरवळ असावी असे अनेकांना वाटले.

या समजुतीला १९५० च्या दशकात पुरावाही मिळाला. अमेरिकेतले विल्यम सिंटन यांना मंगळाच्या अवरक्त प्रकाशात, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात, अशा रेघा मिळाल्या की ज्या वनस्पतींच्या रेघांसारख्या वाटत होत्या. काही वर्षे 'सिंटन रेघा' गाजल्या. मग कळले की त्यांतल्या मुख्य रेघा जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या वाफेच्या आहेत आणि ती वाफ पृथ्वीवरच्या हवेतली आहे. पुन्हा अंगठाच. पण एक गोष्ट मी अधोरेखित करून ठेवली आहे: १९६५ मध्ये ही चूक दाखवणारा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत सिंटन यांचेही नाव आहे.

चारच वर्षांनी, ऑगस्ट १९६९ मध्ये, मरिनर ७ हे यान मंगळाजवळून गेले. त्यावरच्या उपकरणाचे प्रमुख जॉर्ज पिमेंटेल यांनी पत्रकारांना सांगितले की दक्षिण ध्रुवाजवळ मिथेन आणि अमोनिया आढळले आहेत. आपल्या सुरतेत मिथेन कुणाला नवा नाही: पाइपातून स्वयंपाकघरात येणारा गॅस, सीएनजीच्या रिक्षात भरला जाणारा गॅस, गावाकडचा गोबरगॅस, या सर्वांत मुख्यतः तोच. पृथ्वीवरचा बराचसा मिथेन जीवजंतूंपासून होतो, म्हणून मंगळावर मिथेन म्हटले की जीव आठवतो. पण थोड्याच काळात पिमेंटेल यांना विधान मागे घ्यावे लागले. त्या रेघा गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या होत्या. मिथेन समजून कार्बन डायऑक्साइड हाती येणे, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आणि हा कार्बन डायऑक्साइडच मंगळावरच्या ऋतूंचा खरा कारभारी आहे. तिथल्या हवेत शंभरात पंच्याण्णव भाग तो. ध्रुवावर हिवाळ्यात उणे सव्वाशे अंशांच्या आसपास थंडी पडते आणि हवा स्वतःच गोठून बर्फ होऊन खाली बसते. उन्हाळ्यात ती पुन्हा उडते. रॉबर्ट लेटन आणि ब्रूस मरे यांनी १९६६ मध्ये गणिताने हे वर्तवले आणि १९७६ मध्ये उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या वायुभारमापकांनी ते खरे ठरवले: वर्षभरात तिथल्या हवेचा दाब सुमारे चतुर्थांशाने खाली-वर होतो. सबंध ग्रह श्वास घेतो-सोडतो असे वाटावे.

पण तो श्वास नव्हे. पृथ्वीच्या हवेतही कार्बन डायऑक्साइड ऋतूप्रमाणे खाली-वर होतो. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईच्या मौना लोआ पर्वतावर तो मोजला. तिथे कारण जीव आहे: उत्तर गोलार्धातली झाडे उन्हाळ्यात तो खातात, पाने गळली की तो परत सुटतो. एकीकडे झाडे, दुसरीकडे नुसते गोठणे आणि उडणे. आलेखावर दोन्ही वळणे सारखीच डौलदार दिसतात. म्हणून ऋतू दिसला की लगेच जीव आठवू नये. माझ्याकडे पहिल्या पावसानंतर दम्याचे पेशंट वाढतात. त्याचे कारण ओल, बुरशी, पराग, बंद खिडक्या, की नुसते मार्केटला सुटी असल्याने लोकांना दवाखान्यात यायला वेळ मिळाला, हे रजिस्टरवरून कळत नाही. रजिस्टर फक्त वाढले एवढेच सांगते.

मिथेनची गोष्ट पुन्हा उघडली २००४ मध्ये. युरोपच्या मार्स एक्स्प्रेस यानाने मंगळाच्या हवेत अब्जात सुमारे दहा भाग मिथेन असल्याचे सांगितले. नासाच्या गोडार्ड केंद्रातले मायकेल मम्मा यांनी २००९ मध्ये पृथ्वीवरच्या दुर्बिणींच्या आधारे लिहिले की २००३ मध्ये मंगळाच्या उत्तरेकडच्या उन्हाळ्यात काही भागांवर मिथेनचे लोट होते, आणि पुढच्या काही वर्षांत ते विरले. यात कोडे असे की मंगळाच्या हवेत सूर्यप्रकाशाने मिथेन नष्ट व्हायला सुमारे तीनशे वर्षे लागावीत. इतका टिकाऊ वायू ऋतूप्रमाणे येतो-जातो कसा? केव्हिन झान्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तोच जुना प्रश्न विचारला: या रेघा आपल्याच हवेतल्या मिथेनच्या तर नाहीत?

अशा वेळी आपले मंगळयान निघाले. ५ नोव्हेंबर २०१३, मंगळवार, आणि त्या दिवशी भाऊबीज. घरोघरी ओवाळणी चालली होती आणि टीव्हीवर श्रीहरिकोटा होते. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, ते मंगळाच्या कक्षेत शिरले. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. यानावर पाच उपकरणे, सगळी मिळून पंधरा किलोच्या आसपास. त्यांतली तीन अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरने घडवलेली. त्यांतले एक सुमारे तीन किलोचे मिथेन मोजणारे. विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये ज्या शहरात आपल्या घरातल्या खोल्यांपासून भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली, त्याच शहरातून मंगळाच्या हवेची नाडी पाहणारे बोट निघाले, याचा मला गुजरातेत राहणारा मराठी माणूस म्हणून आणि साराभाईंच्याच जैन समाजातला एक म्हणूनही अभिमान वाटला. त्या अभिमानातच मी मुलांना वचन दिले.

झाले ते असे. मिथेनच्या रेघांच्या शेजारी कार्बन डायऑक्साइडच्याही रेघा आहेत. मंगळावर कार्बन डायऑक्साइड अतोनात आणि मिथेन असलाच तर नावापुरता. त्या गर्दीतून मिथेनचा वाटा वेगळा काढायला प्रकाशाची जी बारीक फोड लागते, ती या उपकरणाच्या रचनेतून मिळत नव्हती. २०१६ च्या अखेरीस मायकेल मम्मा यांनी हे उघडपणे सांगितले. यान ठणठणीत होते, उपकरणही चालू होते; पण ज्या प्रश्नासाठी ते पाठवले त्याचे उत्तर ते देऊ शकत नव्हते. अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी मग त्याच मोजमापातून मंगळाचा कोणता भाग किती प्रकाश परत फेकतो याचा नकाशा केला, आणि तो उपयोगाचा आहे. तिरुवनंतपुरमच्या 'मेंका' या दुसऱ्या उपकरणाने मंगळाच्या हवेचा अगदी वरचा पातळ थर तपासला आणि सुमारे २७० किलोमीटरच्या वर कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऑक्सिजनचे अणू अधिक होतात हे दाखवले. सहा महिन्यांसाठी पाठवलेले यान जवळपास आठ वर्षे टिकले. २०२२ मध्ये त्याचा संपर्क तुटला. हे सर्व अभिमानाचेच आहे. पण मिथेनच्या रकान्यात आपल्याला शून्यसुद्धा लिहिता येत नाही. शून्य हेही मोजमाप असते. तिथे 'मोजता आले नाही' असे लिहावे लागते.

हे लिहायला मला आठ वर्षे लागली. देशाचा कमीपणा होईल असे वाटले, हे खरे कारण नव्हे. माझा कमीपणा होईल असे वाटले. व्यासपीठावरून जोरात बोललेला माणूस मी होतो.

आता ऋतूंचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण मुलीचा प्रश्न मिथेनचा होता, फक्त मंगळयानाचा नव्हता.

नासाची क्युरिऑसिटी ही गाडी ऑगस्ट २०१२ पासून मंगळाच्या गेल विवरात आहे. ती हवा एका नळीत घेते आणि आरशांमध्ये लेसरचा झोत पुनःपुन्हा फिरवून मिथेन मोजते. २०१३ मध्ये तिने सांगितले, मिथेन जवळजवळ नाही. २०१४ च्या अखेरीस सांगितले, मधूनच तो अब्जात सात भागांपर्यंत चढला होता. जून २०१८ मध्ये ख्रिस्तोफर वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी तीन मंगळवर्षांचा हिशेब मांडला: मिथेन अब्जात ०.२४ ते ०.६५ भागांच्या दरम्यान ऋतूप्रमाणे बदलतो आणि उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्याच्या अखेरीस सर्वाधिक असतो. म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट फरक. सरासरी ०.४१. दहा हजार लिटरचे बारा टँकर रांगेत उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक थेंब टाका, इतके हे प्रमाण.

इथे कुणाला हसू येईल: होमिओपॅथ डॉक्टर थेंबाची गोष्ट सांगत आपल्या गोळ्यांची वकिली करायला मंगळावर गेले! तसे नाही. या थेंबाचा माझ्या औषधांशी काही संबंध नाही आणि मी तो जोडणारही नाही. इथे प्रत्येक रेणू लेसरपुढे उभा करून मोजलेला आहे. ज्याला मोजून दाखवता येत नाही त्याने या मोजणाऱ्यांच्या आडोशाला उभे राहू नये, असे मला वाटते.

पण क्युरिऑसिटीलाही अंगठा आहे. ती फ्लोरिडातून निघाली, तेव्हा उपकरणाच्या एका कप्प्यात तिथली थोडी हवा राहून गेली. आपल्या हवेत मिथेन अब्जात सुमारे १९०० भाग, म्हणजे मंगळावरच्या त्या सरासरीच्या साडेचार हजार पट. त्यातले जराही झिरपले तर निकाल बदलतो. शास्त्रज्ञांनी स्वतःच हे जाहीर केले आणि दर मोजमापात रिकाम्या नळीचे मोजमाप वजा केले. तरी झान्ली यांच्यासारख्यांची शंका गेलेली नाही, आणि ती जाऊही नये.

मग आले युरोप आणि रशियाचे ट्रेस गॅस ऑर्बिटर. नावच 'अत्यल्प वायूंचे यान'. त्याने २०१८ पासून मंगळाच्या कडेवरून येणारा सूर्यप्रकाश तपासला. एप्रिल २०१९ मध्ये निकाल आला: मिथेन असलाच तर अब्जात ०.०५ भागांहूनही कमी. गाडी खाली म्हणते आहे, यान वरून नाही म्हणते. दोन महिन्यांनी गाडीने एकदम २१ भाग मोजले आणि काही दिवसांत ते पुन्हा उतरले. एक सूचना अशी आली की रात्री हवा थंड आणि स्थिर असते तेव्हा जमिनीतून झिरपणारा मिथेन खाली साचत असेल आणि दिवसा विरत असेल. गाडी बहुतेक रात्रीच मोजत होती. मुद्दाम दिवसा मोजले तेव्हा काही मिळाले नाही, म्हणजे ही सूचना टिकली; पण सिद्ध झाली नाही. विवरातून रोज असा वायू सुटत असेल तर तो सबंध ग्रहावर साचून यानाला का दिसत नाही, हा प्रश्न तसाच आहे. शिवाय तो वायू असला तरी जीवाचाच असेल असे नाही. ऑलिव्हिन खनिज असलेल्या खडकात गरम पाणी मुरले की हायड्रोजन सुटतो आणि त्यापासून मिथेन होऊ शकतो. आपला सह्याद्री ज्या बेसॉल्टचा, त्याच जातीच्या खडकाने मंगळाचा मोठा भाग झाकला आहे. म्हणूनच बुलढाण्याच्या लोणार विवरात मंगळाचे अभ्यासक येतात.

दुसरा वायूही गोंधळात टाकतो. मंगळाच्या हवेत ऑक्सिजन शेकडा ०.१६ इतकाच. गेल विवरात नायट्रोजन आणि आर्गॉन कार्बन डायऑक्साइडच्या येण्याजाण्याप्रमाणे अपेक्षेनुसार खाली-वर होतात. ऑक्सिजन मात्र वसंतात आणि उन्हाळ्यात अपेक्षेहून वर चढतो, कधी तीस टक्क्यांपर्यंत, आणि पुढे उतरतो. मेलिसा ट्रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे प्रसिद्ध केले. माती सोडते आणि शोषते असा संशय आहे. कसे, ते उलगडलेले नाही.

लिहिण्याआधी मी त्या मुलीला फोन करून यातले थोडे सांगितले. फ्लोरिडाच्या हवेपाशी आल्यावर ती म्हणाली, "काका, आमच्याकडे रोज सकाळी पेशंटच्या रक्ताआधी कंट्रोल लावतात. तो बरोबर आला नाही तर दिवसभराचे रिपोर्ट थांबवतात." "आणि लोक ओरडतात तेव्हा?" "ओरडू द्यायचं. चुकीचा रिपोर्ट देण्यापेक्षा बरं." कॅम्पबेल यांचा चंद्र तिला मी समजावून सांगायची गरज उरली नाही.

मी जैन घरातला. दर संवत्सरीला आम्ही सर्वांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो, आता तर मोबाइलवरून एकाच वेळी दोनशे जणांना पाठवतो. त्याला काही पडत नाही. कोणाची, कोणत्या तारखेची, कोणती चूक, हे नाव घेऊन म्हणायला मात्र जड जाते. म्हातारबाबांच्या घरी मी ते कधी म्हणालो नाही. ते कुटुंब केव्हाच गाव बदलून गेले. हे दुसरे मात्र अजून म्हणता येते.

तेव्हा, २०१४ साली त्या हॉलमध्ये बसलेल्या सर्व मुलांना, जी आता मोठी झाली आहेत, माझे उत्तर असे: आपल्या मंगळयानाला मिथेन मोजता आला नाही. गेल विवरातल्या गाडीने ऋतूप्रमाणे बदलणारा अगदी थोडा मिथेन मोजला आहे. वरून पाहणाऱ्या यानाला तो दिसलेला नाही. दोघांपैकी कोण बरोबर, की दोघेही आपापल्या जागी बरोबर, हे अजून ठरलेले नाही. ठरले की, मी असलो तर, पुन्हा सांगेन; आणि या वेळी ज्या वर्षी कळेल त्याच वर्षी.